न उगवलेला दाणा

शामलाताईंनी एक्केचाळीस वर्षं न चुकता नवरात्राचे घट बसवले आणि बेचाळिसाव्या वर्षी दोन्ही गुडघे बदलून घेतले. गुडघे नवे झाले, पण जमिनीवर मांडी घालायला डॉक्टरांनी कायमची बंदी केली. खुर्चीत बसून कुळधर्म करणं त्यांना मंजूर नव्हतं. म्हणून त्यांनी पुण्याहून फोनवरच निकाल दिला, की यंदापासून घट सुनेकडे बसतील. सून एकुलती एक, आसावरी, आणि ती राहायला नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पला. "तिकडे जमेल ना?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला. तो "ना" आसावरीच्या कानात पुढचा महिनाभर वाजत होता.

आसावरी स्वभावाने आणि पोटापाण्यानेही चुका काढणारी. एका मोठ्या ऑफिसात ती सॉफ्टवेअर टेस्टर होती. लोकांनी जीव तोडून बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये नेमकं कुठे पाणी मुरतंय ते शोधायचं, हे तिचं काम. अशा बाईला "जमेल ना" विचारलं तर ती कंबर कसणार, दुसरं काय करणार? ऑगस्टमध्येच तिची यादी तयार झाली. मातीचा घट आणि वेताची टोपली द हेगमधल्या, सुरिनामहून आलेल्या हिंदू मंडळींच्या पूजेच्या दुकानात मिळाली. झेंडूच्या फुलांना हॉलंडमध्ये काय तोटा? नऊ धान्यांपैकी आठ इंडियन स्टोअरमध्ये होती. नववा मका, तो काही मिळेना, तेव्हा तिने आल्बर्ट हाइन या सुपरमार्केटमधून पॉपकॉर्नचं पाकीट आणलं आणि वेळ मारून नेली. घोडं अडलं ते मातीपाशी.

कुळधर्म म्हटला तर साधा. टोपलीत माती पसरायची, तिच्यात धान्य पेरायचं, मधोमध पाण्याने भरलेला घट ठेवायचा. रोज एक माळ बांधायची, शेजारचा दिवा विझू द्यायचा नाही आणि दसऱ्याला घट उठेपर्यंत टोपली जागची हलवायची नाही. आता हूफडॉर्पच्या नव्या वसाहतीत मागच्या दारी अंगण होतं, पण त्यातल्या फरश्या उचकटल्या तर खाली नुसती बिल्डरने ओतलेली वाळू, आणि उरलेल्या कोपऱ्यात शेजारणीच्या मांजराचे प्रातर्विधी. बागेच्या दुकानातून तिने मातीची तयार पिशवी आणली. अकरा वर्षांच्या आर्याने तिच्यावरचा डच मजकूर मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "आई, देअर्स बोन मील इन इट. म्हणजे, लाइक, हाडांचं पीठ."

"शिव शिव!" पुण्याहून व्हिडिओ कॉलवर शामलाताई ओरडल्या. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "देवीच्या पायाशी हाडं? ती पिशवी आधी घराबाहेर काढ. जिथे कुणी खत टाकलेलं नाही, नांगर लावलेला नाही, अशी कोरी माती बघ."

अशी कोरी माती कुठे असेल, याचा आसावरीने रीतसर अभ्यास केला. हूफडॉर्प म्हणजे मुळात उपसून काढलेल्या सरोवराचा तळ, आणि त्यावर पावणेदोनशे वर्षं शेती चाललेली. तेव्हा पूर्वेकडे, तासाभराच्या अंतरावर जी उंच, रेताड माळरानं आहेत तिकडे जायचं ठरलं. सोमवारी घट बसणार, म्हणून रविवारीच. रविवारी सर्वपित्री अमावास्या होती. सकाळी आसावरीच्या नवऱ्याने, अंबरीशने, वडिलांच्या नावाने पान वाढून अंगणाच्या भिंतीवर ठेवलं. डच कावळ्यांनी वडा आधी उचलला, हे त्याने पुण्याला कळवलं. मग तिघंही गाडीत बसली.

माळावर हीदरच्या झुडपांची जांभळी फुलं सुकायला लागली होती. चालता चालता त्यांना एक बुटकी, गोल टेकडी लागली. टेकडी कसली, पुरुषभरही उंची नाही, पण सपाट माळावर ती डोळ्यात भरत होती. तिच्या कुशीत सशांनी बीळ पोखरून राखी, भुसभुशीत मातीचा ढीग बाहेर टाकला होता. आसावरीला तर तो देवीनेच काढून ठेवल्यासारखा वाटला.

"इथे फूल तोडलं तरी दंड असतो," अंबरीश आजूबाजूला बघत म्हणाला. तो रॉटरडॅमला बंदराच्या ऑफिसात काम करी आणि नियमाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्याला घाम फुटे.

"मी कुठे खणतेय? सशांनी खणलंय. दंड त्यांना करू देत."

तिने मातीला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि आल्बर्ट हाइनची पिशवी भरून घेतली. घरी येऊन शेंगदाणे चाळायच्या मोठ्या भोकांच्या चाळणीने माती वरवर चाळली. तिच्यात पांढरे बारीक कण होते, ते चुनखडीचे असतील म्हणून तसेच राहू दिले. सोमवारी घट बसला. शामलाताईंनी पडद्यावरून टोपली चहूबाजूंनी दाखवायला लावली आणि शेवटी म्हणाल्या, "माती बरी दिसतेय." त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला आसावरीला लग्नानंतर चौदा वर्षं लागली होती.

तिसऱ्या माळेला कोंब दिसू लागले. आधी गहू, मग मूग, मग ज्वारी. चौथ्या दिवशी सकाळी पाणी शिंपडताना आसावरीच्या लक्षात आलं, की घटाच्या डाव्या अंगाला मक्याचा एक दाणा उघडा पडलाय आणि तो काही केल्या उगवत नाहीये. बाकीचे पॉपकॉर्न बिचारे कोंब काढून बसले होते. हा एकटाच कोरडा. दुसऱ्याच्या चुका काढणारा हात तो, स्वस्थ कसा बसेल? तिने चिमटीने दाणा उचलला. तो हाताला दाण्यासारखा लागला नाही. गुळगुळीत होता, निळसर पांढरा, आणि खालून पोकळ.

"आर्या, हे बघ गं काय आहे."

आर्या शाळेत जायच्या घाईत होती. एका हाताने सायकलच्या हेल्मेटचा पट्टा लावत तिने पाहिलं. "दॅट्स अ टूथ, आई," ती म्हणाली आणि सायकल काढून निघून गेली.

दात! बागेच्या दुकानातली माती हाडांच्या पिठासाठी नाकारली आणि आता देवीच्या टोपलीत अख्खा दात. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. तिने ते पांढरे कण बोटाने चाचपले. ते चुनखडीचे नव्हते, हे आता तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

अंबरीशने फोनवर आधी कुत्र्याचा दात असेल म्हणून बघितलं, मग "कुणाला काही बोलू नकोस" म्हणाला. त्याच्या मते दोनच रस्ते होते. गुपचूप घट उठवायचा, माती होती तिथे टाकून यायची आणि आईला सांगायचं की सगळं छान पार पडलं. नाहीतर दात खिशात घालून घट तसाच ठेवायचा आणि तरीही आईला सांगायचं की सगळं छान पार पडलं. आसावरीला दोन्ही पटेना. घट मधेच उठवायचा म्हणजे सासूबाईंच्या हातून एक्केचाळीस वर्षांत कधी घडलं नाही ते तिच्या हातून पहिल्याच वर्षी घडणार. ठेवायचा तर स्मशानातल्या मातीत देवी बसवल्यासारखं. ती जन्मभर दुसऱ्यांच्या चुका कागदावर मांडत आली होती. आपली लपवायची कशी, हे तिला येतच नव्हतं.

म्हणून तिने तेच केलं जे तिला येत होतं. नकाशावर ती टेकडी शोधली, तर ते हजारो वर्षांपूर्वीचं थडगं निघालं. मग त्या प्रांताच्या पुरातत्त्व विभागाचा पत्ता शोधून ऑफिसात बग कळवावा तसा ईमेल लिहिला. माती कुठून घेतली, किती घेतली, काय सापडलं, नेमकं कुठे सापडलं, फोटो सोबत. शेवटी "चूक माझी आहे" असं एक वाक्य लिहिलं, दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच राहू दिलं. तासाभरात उत्तर आलं, की कुणी कशाला हात लावू नका, मी उद्या दुपारी येते. खाली नाव होतं, हिल्के.

शुक्रवारी दुपारी हिल्के आली. साठीची, उंच, पिकलेले केस आखूड कापलेले, हाताच्या रेषांत बसलेली माती कितीही धुतली तरी न जाणारी. बरोबर झाकणाचं मोठं खोकं. दारातच तिने बूट काढले आणि पुढचं वाक्य बोलली ते रोखठोक डच पद्धतीचं: "पुन्हा कधीही, कुठल्याही टेकडीवरून, सशाने काढलेली असली तरी, माती उचलायची नाही." आसावरीने मान खाली घातली. या भेटीसाठी अर्धा दिवस रजा घेतलेल्या अंबरीशनेही घातली.

मग हिल्के टोपलीसमोर बसली, मांडी घालून, आपल्याकडच्या कुणाला लाजवेल अशी. तिने दात तळहातावर घेतला आणि भिंग लावलं. दिवा, माळा, कोंब, सगळं तिने पाहून घेतलं. शेवटी तिने भिंग खाली ठेवलं.

"माणसाचा आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "जाळलेल्या माणसाचा. तुमच्यासारखेच तेही जाळत. आगीत दात फुटून त्याचे तुकडे होतात. पण जो दात अजून हिरडीतून वर आलेला नसतो तो जबड्याच्या आत सुरक्षित राहतो. हा तसा आहे. कायमचा दात, यायचा होता."

"म्हणजे?" अंबरीशने विचारलं.

"म्हणजे हे मूल पाच वर्षांचं असेल. फार तर सहा."

कालपासून तिच्या डोळ्यांपुढे कुणी दाढीवाला सरदार होता, शिंगांचं शिरस्त्राण वगैरे घातलेला. आर्याचे पुढचे दोन दात सहाव्या वर्षी पडले होते. ते अजून कपाटातल्या एका डबीत होते.

"एवढीशी टेकडी," अंबरीश म्हणाला, "म्हणजे मुलाची, म्हणून लहान केली असेल."

हिल्केने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा सोफ्याच्या कडेला सरकला. "लहान?" ती म्हणाली. टोपलीतल्या मातीतलं एक गडद ढेकूळ तिने नखाने दाखवलं. "हे बघा. इथे खाली राखी थर आहे, वर काळा. माळावरचं गवत, हीदर, मुळांसकट कापायचं. हातभर लांब मातीची लादी निघते. ती उचलून आणायची आणि उलटी ठेवायची, फुलं खाली, मुळं वर. तिच्या शेजारी दुसरी. त्यांच्यावर तिसरी. अशी रचून ती टेकडी बांधलीय, सत्तावीसशे वर्षांपूर्वी. मी एकदा हिशोब केला होता. तेवढ्या आकाराच्या टेकडीला चार-साडेचार हजार लाद्या लागतात. फावडी लाकडाची. आणि गाव म्हणजे किती माणसं? पाच-सात घरं. तीस-चाळीस जण, म्हातारी-पोरं धरून."

हिल्केला बोलताना कुणी अडवलेलं आवडत नसावं, आणि इथे कुणाची अडवायची छातीही नव्हती. तरुणपणी ती एक उन्हाळा अमेरिकेत ओहायोला कामाला होती, असं तिने सांगितलं. तिथे ज्यांना अडेना म्हणतात त्या लोकांनीही साधारण त्याच काळात आपल्या माणसांवर मातीच्या टेकड्या रचल्या. काही साठ-सत्तर फूट उंच. टोपल्यांनी वाहून. तिथे टेकडीचा काप घेतला की एकेका टोपलीने ओतलेली माती वेगवेगळ्या रंगांत अजून ओळखू येते. ही कुणा बाईने ओतली, ही तिच्या मागून येणाऱ्याने. "ते लोक आणि हे लोक, मध्ये अख्खा समुद्र. एकमेकांचं नावही माहीत नाही," हिल्के म्हणाली. "पस्तीस वर्षं मी हे बघतेय. मला अजून त्याचा कंटाळा आलेला नाही."

आसावरी ऐकत होती आणि तिला तो माळ दिसत होता. तीस-चाळीस माणसं, शेतीची कामं सोडून, दिवसामागून दिवस, उलट्या लाद्या रचताहेत, एका पोरासाठी. ज्याने कुठलं युद्ध जिंकलं नाही, ज्याला धड बकऱ्याही राखता येत नसतील. ज्या टेकडीला आपण देवीने काढून ठेवलेली माती समजलो ती कुणीतरी छातीशी धरून आणलेली होती. तिला त्या माणसांचं विलक्षण कौतुक वाटलं, आणि स्वतःची लाज वाटली. दोन्ही इतकं एकदम वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलंही नाही.

"मला ही सगळी माती लागेल," हिल्के खोकं पुढे ओढत म्हणाली. "आज. प्रत्येक कण चाळायचाय."

आसावरीने पदर खोचावा तसा स्वेटर खाली ओढला. "आज देता येणार नाही. दसऱ्यापर्यंत ही टोपली हलवता येत नाही. आणि हलवायची की नाही, हे मी ठरवू शकत नाही."

"मग कोण ठरवणार?"

"माझ्या सासूबाई."

हिल्केने आयुष्यात बऱ्याच खात्यांच्या परवानग्या काढल्या असतील. हे खातं तिला नवीन होतं. तिने घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "मग विचारा. मी बसते."

पुण्यात दिवेलागणीची वेळ होती. शामलाताई खुर्चीत बसलेल्या पडद्यावर दिसल्या, मागे देवघरात निरांजन. आसावरीने एका दमात सगळं सांगून टाकलं. ससे, चाळणी, दात, हाडं, बाई. काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही. आता "मला वाटलंच होतं" ऐकायची तिने तयारी केली.

शामलाताई पडद्याकडे वाकल्या. मग म्हणाल्या, "मुलगा की मुलगी?"

अंबरीशने हिल्केला विचारलं. इतक्या लहान वयात हाडांवरून ते सांगता येत नाही, असं ती म्हणाली.

"किती वर्षं झाली म्हणालीस?"

"सत्तावीसशे, आई."

"आणि ती टेकडी त्या एका लेकराची?"

"हो. सगळ्या गावाने बांधलेली." आसावरीने लाद्यांचं सांगितलं. किती माळ सोलला असेल, असं त्यांनी विचारलं. हिल्केने चौरस मीटर सांगितले, अंबरीशने मनातल्या मनात भागाकार करून सहा गुंठे म्हटलं.

"सहा गुंठ्यांची वरची माती काढली?" शामलाताईंचं माहेर शेतकऱ्यांचं होतं. त्यांनी भुवया वर केल्या. "मग तिथे पुढे काय पिकलं?"

आसावरीने प्रश्न भाषांतर करून सांगताच हिल्के ताठ बसली. "त्यांना सांगा, हा प्रश्न माझे विद्यार्थी विचारत नाहीत," ती म्हणाली. "काही पिकलं नाही. कित्येक वर्षं गुरांनाही तिथे चरायला काही उरलं नसणार. रेताड जमीन, वरचा थर गेला की संपलं. आणि त्यांना ते पक्कं माहीत होतं."

"माहीत असून दिलं," शामलाताई स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "घट उठवायचा नाही."

"पण आई, हाडं आहेत त्यात. विटाळ..."

"मला विटाळ शिकवू नकोस. देवी कोण आहे? आई आहे ना? आईच्या पायाशी पोर येऊन बसलं तर ती काय आंघोळीला उठून जाते?" त्यांचा आवाज चढला. "आणि तू त्याला आणलंस कधी? सर्वपित्रीला. ज्यांचं मागे कुणी उरलं नाही, त्यांच्यासाठीही असते ती अमावास्या. तुला ठाऊक नव्हतं, पण बोलावलंस तू आणि ते आलं. आता अर्ध्या पंगतीतून हात धरून उठवायचं? आपल्या घरात ही रीत नाही. त्या बाईंना म्हणावं, दसऱ्यापर्यंत थांबा. चहा दिलास का त्यांना?"

आसावरी खरोखरच चहा विसरली होती. एवढी एक चूक सासूबाईंनी काढली आणि तिला ती ऐकून इतकं हलकं वाटलं, की ती हसत हसतच ओट्याकडे गेली. आत जाता जाता तिने अंबरीशला निकाल हिल्केला समजावून सांगताना ऐकलं. हिल्के मधेमधे "या, या", म्हणजे डचमध्ये "हो, हो", म्हणत होती. मग तिने एक फॉर्म काढला, 'सध्या कुठे ठेवले आहे' या रकान्यापाशी थोडी थांबली, आणि लिहिलं: हूफडॉर्प, बैठकीची खोली, देवीजवळ. शेवटचा शब्द कसा लिहायचा ते तिने अंबरीशला विचारून घेतलं. आसावरीने दात पुन्हा घटाच्या डाव्या अंगाला, होता तिथेच ठेवला.

पुढचे दिवस शामलाताईंचे फोन रोज येत, पण विषय बदलला. माळ नीट बांधलीस का, दिव्यात तेल आहे का, हे मागे पडलं. "आज नैवेद्याला काय केलंस?" असं विचारायच्या आणि वर सांगायच्या, "तिखट कमी घाल. लहान मूल आहे." अष्टमीला कुमारिका म्हणून आर्याला जेवायला बसवलं, तर शेजारी आणखी एक पान मांडायचा हुकूम झाला. आर्याने त्या पानाकडे पाहून वांग्याच्या भाजीला आक्षेप घेतला. "ही ऑर शी इज डच, आई. दे वोन्ट ईट दॅट." तेव्हा भाजी काढून दुसरी पुरणपोळी वाढली. पुरणपोळी म्हणजे आतून गोड असलेलं डच धिरडं, पानकूक, ती कुठल्याही डच मुलाला चालेल, असं आर्याचं म्हणणं पडलं. आसावरीने त्यावर तूप जरा जास्तच घातलं. तिला आता ती टोपली दसऱ्याला द्यावीशी वाटत नव्हती, आणि हे तिने अंबरीशपाशी बोलूनही दाखवलं.

दसऱ्याच्या दुपारी हिल्के आली. या वेळी तिने दारातल्या सूचनांचा भाग वगळला. पुण्याहून शामलाताई फोनवर होत्याच. अंबरीशने मोबाईल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून त्यांना टोपलीसमोर बसवलं होतं. आरती झाली, आसावरीने घट उठवला. कोंब वीतभर झाले होते, फिकट, सरळसोट. चार कोंब तिने आर्याच्या वेणीत खोवले, दोन हिल्केच्या कानामागे. हिल्केने ते काढले नाहीत. खाली मातीची टोपलीच्या आकाराची एक अख्खी लादी झाली होती, पांढऱ्या मुळांनी घट्ट विणलेली. हिल्केने दोन्ही हातांनी ती अलगद उचलली आणि खोक्यात ठेवली. दात तिने वेगळ्या डबीत, कापसात ठेवला. झाकण लावलं. लेबल चिकटवलं.

"कुठे नेणार त्याला?" पडद्यावरून प्रश्न आला. आसावरीने तो हिल्केला सांगितला, आणि मग मध्ये बसून इकडचं तिकडे करत राहिली.

"आमच्या कोठारात. कोरडी जागा आहे. थंडी नाही, ऊन नाही. फळ्यांवर खोकी असतात, प्रत्येकाला नंबर."

"अंधार असेल."

"आम्ही काम करतो तेव्हा दिवे असतात," हिल्के म्हणाली. तिने कानामागच्या कोंबाला हात लावला. "नाहीतर असतो अंधार. हो."

शामलाताईंनी खोक्यावरचं लेबल पडद्यातून निरखलं. मग त्यांनी विचारलं, "तिथे आणखी कोण आहे?"

"बरेच आहेत. तीनेक हजार."

"त्यांत मुलं?"

हिल्केने मनात खोकी मोजली. ती हिशोबी बाई, पक्कं माहीत असेल तेवढंच सांगणारी. "त्याच माळावरच्या दुसऱ्या एका टेकडीतून दोन आलीत," ती म्हणाली. "वीस वर्षांपूर्वी मीच काढलेली. एक चारेक वर्षांचं आहे. दुसरं मोठं, आठ-नऊ वर्षांचं."

"आठ-नऊचं आहे ना?" शामलाताई म्हणाल्या. "मग बरं. ते सांभाळेल."

आसावरीच्या आधी आर्यानेच ते डचमध्ये सांगितलं. हिल्केने ऐकून घेतलं. मग खिशातून पेन्सिल काढून तिने लेबलवर आधी लिहिलेला फळीचा नंबर खोडला, आणि त्या दोघांच्या फळीचा लिहिला.